आम्ही बेल्जियमग्रस्त

आमचं बेल्जियममध्ये दुकान आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय.

बेल्जियमशी आमच्या घराण्याचा संबंध आजवर एका आरशापुरता होता. आजोबांनी तो घेतलेला, आणि 'अस्सल बेल्जियमची काच' म्हणून ते कोणाला त्यात बघून भांगही पाडू देत नसत. पुढे तो फुटला तेव्हा मागच्या फळीवर भुलेश्वरच्या एका दुकानाचा शिक्का निघाला. संबंध तिथेच संपला. तो पुन्हा जोडावा अशी इच्छा आमच्यापैकी कोणीही बोलून दाखवली नव्हती.

माझी बायको नलिनी आणि माझी धाकटी बहीण शुभा, दोघी मिळून लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवाऱ्या विकतात. म्हणजे झबल्यासारखी अंगात घालायची, मागे चिकटपट्टी लावायची, की पोरगी निऱ्या-कासोट्यासकट तयार. नलिनी कापते, शुभा शिवते. आम्ही डोंबिवलीत, शुभा ठाकुर्लीत, त्यामुळे कापड रिक्षाने जातं आणि साडी होऊन रिक्षाने परत येतं. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालोय, म्हणून पॅकिंग, कुरिअर आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. (घरात याला 'ऑनलाइन विभाग' म्हणतात. विभागात मी एकटाच असल्यामुळे चूक कोणाची हे शोधायला वेळ लागत नाही.)

नलिनीने आयुष्यभर गॅलरीत बसून लोकांच्या साड्यांना पिको-फॉल केलं. स्वतःचं असं काही करायचं तिच्या मनात होतं, ते मुलीचं लग्न झाल्यावर जमलं. आम्ही एका मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान थाटलं. (बाजाराचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याकडे माझा पत्ता, फोटो आणि पॅन कार्ड आहे.) आमचा मुख्य हंगाम पाडव्याचा. आई, मुलगी आणि कडेवरचं बाळ, तिघींना एकसारखी नऊवारी असल्याशिवाय स्वागतयात्रेसाठी घराबाहेर पडायचं नाही, असा डोंबिवलीत अलीकडे नियमच झालाय. तो कोणी केला माहीत नाही, पण आमचं घर त्यावर चालतं.

तर गेल्या माघात, ऐन हंगामाच्या तोंडावर, सकाळी चहा पिताना मोबाइलवर निरोप आला. 'अभिनंदन. तुमचं दुकान आता बेल्जियममध्येही सुरू झालं आहे. तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.'

यातलं शेवटचं वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं. मला काहीही करता आलं नाही.

मी निरोप नलिनीला वाचून दाखवला. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही काय दाबलंत?"

मी काहीच दाबलं नव्हतं. मी तसं सांगितलं. पण माझ्या बोलण्याला घरात वजन नाही, कारण मी एकदा रिमोटवर काहीतरी दाबलेलं, तेव्हापासून आमच्या टीव्हीतली सगळी बटणं तामिळमध्ये दिसतात. संध्याकाळी शुभा शिवलेला माल घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, दादाने नक्की काहीतरी दाबलं असणार. या दोघी नणंद-भावजया आहेत. कोथिंबीर निवडण्यापासून गणपतीच्या मखरापर्यंत त्यांचं कशावरही कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. ते बेल्जियमने करून दाखवलं.

आमची मुलगी केतकी ठाण्याला खोपटजवळ राहते आणि कॉम्प्युटरमधलंच काम करते. तिला फोन लावला. ती म्हणाली, हल्ली हे लोक विक्रेत्यांना न विचारता परस्पर परदेशातल्या बाजारात घालतात, बाबांनी काही दाबलेलं नाही. मी फोन स्पीकरवर ठेवलेला. नलिनी म्हणाली, "लेक बापाचीच बाजू घेणार."

मग मी बेल्जियममधून बाहेर पडायच्या मागे लागलो. बाजाराच्या मदतकेंद्रात सोनल नावाची कोणीतरी लेखी उत्तरं द्यायची. (ती माणूस होती की यंत्र, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. यंत्र असेल तर फारच संयमी आणि माणूस असेल तर फारच यंत्र.) मी विचारलं, या देशातून बाहेर कसं पडायचं? तिने मला 'बेल्जियममध्ये यशस्वी कसे व्हाल' नावाचा लेख पाठवला. मी लिहिलं की मला यशस्वी व्हायचं नाही, बाहेर पडायचंय. तिने कळवलं की माझा उत्साह ती समजू शकते.

फारच पाठ धरली तेव्हा तिने एक उपाय सुचवला. दुकान 'सुट्टीवर' टाका. मी आनंदाने टाकलं. दुपारपर्यंत एकही ऑर्डर येईना. संध्याकाळी कळलं की सुट्टी फक्त बेल्जियमला मिळत नाही, सगळ्या जगाला मिळते. हंगामातला एक अख्खा दिवस मी दुकानाला कुलूप लावून बसलेलो. या वेळी मात्र मी दाबलं होतं, आणि नलिनीला ते सांगावं लागलं नाही.

त्यात एक मेख अशी की आमच्या दुकानाला 'आरोग्य' असतं. एक हिरवा ठिपका. ऑर्डर नाकारली की तो पिवळा होतो, लाल झाला की दुकान बंद, बेल्जियममधलंही आणि डोंबिवलीतलंही. म्हणजे आता तिकडून कोणी काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नव्हती. नलिनी तेव्हापासून देवाला नमस्कार केल्यावर तो ठिपका बघायला लागली.

मग नियम यायला लागले. बेल्जियममध्ये अर्धे लोक एक भाषा बोलतात, अर्धे दुसरी, आणि एका कोपऱ्यात तिसरीही आहे. ते कोणावर अन्याय करत नाहीत. प्रत्येक नियम तिन्ही भाषांत येई. त्यातला एक केतकीने वाचून दिला, की माल विकायचा असेल तर बेल्जियममध्ये राहणाऱ्या एका जबाबदार माणसाचं नाव द्या.

नलिनी पापड भाजत होती. म्हणाली, "इथे घरात एक मिळत नाही, तर बेल्जियममध्ये कुठून आणणार?"

मी एकटाच नव्हतो, हे मला नंतर कळलं. केतकीने मला मोबाइलवरच्या एका गटात टाकलं. त्यात ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचे माझ्यासारखेच न विचारता परदेशी गेलेले विक्रेते होते. गटाचं नाव 'बेल्जियमग्रस्त'. रोज सकाळी कोणीतरी 'आज कोणी सुटलं का?' असं विचारायचं आणि बाकीचे हात जोडलेली चित्रं टाकायचे. कल्याणच्या एका गृहस्थांचा अडकित्ते विकायचा साधा धंदा. बेल्जियमने त्यांना शस्त्रविक्रेता ठरवलेलं. ते गटावर फारसं बोलत नसत, पण आम्ही सगळे त्यांच्याशी जरा जपून वागायचो.

अशात पहिली ऑर्डर आली. लीन नावाच्या बाईंची. आमच्याकडे मापाप्रमाणे शिवून देण्याची सोय आहे, ती त्यांनी निवडलेली. त्या त्यांच्या भाषेत लिहायच्या आणि बाजार ते 'तुमच्या सोयीसाठी' मराठीत करून द्यायचा. पहिला निरोप असा होता, 'प्रिय विक्रेता, माझी मुलगी लांब आहे परंतु उंच नाही. वय तीन. नाव लोटे. तिला ही साडी होईल काय?'

नाव ऐकून नलिनी चमकली. तिचं माहेर चिपळूणचं, आणि लोटे नावाचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. ती म्हणाली, आपल्याकडलीच मुलगी दिसतेय. मी म्हटलं, असं काही नसतं. पण तिने ते मनावर घेतलं होतं.

मी मापं मागवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'तिची पाठ फार लांब आहे. डॉक्टर म्हणतात उडी मारू देऊ नका, जिना चढू देऊ नका. पुढचे पाय थोडे वाकडे आहेत. पण ती खूप आनंदी आहे.'

हे मी मोठ्याने वाचलं. नलिनीच्या हातात कात्री होती, ती तिने हळूच बाजूला ठेवली. शुभाने मशीन थांबवलं. (त्या दिवशी ती आमच्याकडेच शिवत होती, ठाकुर्लीला वीज नव्हती.) मग शुभाने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, वहिनी, तीन वर्षांचं पोर, जिनासुद्धा चढायचा नाही. नलिनी म्हणाली, आणि तरी आई लिहिते की आनंदी आहे. त्या माउलीचं काळीज बघ.

मला एक शंका आलेली. पुढचे पाय म्हणजे काय? मी ती बोलून दाखवली. नलिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. तिने समजावलं की त्यांच्या भाषेत हातांना पुढचे पाय म्हणत असतील, प्रत्येक भाषेची आपापली पद्धत असते. शुभालाही ते पटलं. मग मलाही पटलं. पुढे जे काही घडलं त्यात मी कुठेही स्वतःची अक्कल वापरली नाही, याची नोंद घ्यावी.

तिसरा निरोप सगळ्यात अवघड होता. 'मागे शेपटीसाठी जागा ठेवा. आनंद झाला की ती खूप हलते.'

यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी शुभाने उलगडा केला. "शेपटा गं वहिनी. वेणी. पोरीचे केस लांब असणार. नाचली की वेणी हलत असेल मागे."

पण जागा तर त्यांनी कासोट्यापाशी मागितलेली. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीचे केस कमरेच्याही खाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शुभा म्हणाली, कुठलं तेल लावतात विचार रे दादा. मी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं की त्या तेल लावत नाहीत, फक्त मासे खायला घालतात, त्याने चकाकी येते. नलिनी म्हणाली, बघ, कोकणातलीच.

ती साडी शिवताना मी या दोघींना जसं पाहिलं तसं कधी पाहिलं नव्हतं. हिरवा खण, लाल काठ. पाडव्याच्या इतर ऑर्डरी बाजूला सारून दोघी त्याच्यामागे लागल्या. आतून मलमलचं अस्तर लावलं, म्हणजे लांब पाठीला शिवण टोचायला नको. वाकड्या हातांना त्रास होऊ नये म्हणून बाह्या सैल ठेवल्या. कासोट्यात वेणीसाठी गोल वाट केली आणि तिला लाल गोट लावला. शुभाने तो गोट दोनदा उसवून पुन्हा घातला, आणि नलिनीने तिला त्याबद्दल एकदाही टोकलं नाही. वर नलिनीने चापाची छोटी नथ घातली आणि दृष्ट लागू नये म्हणून काळ्या मण्यांचा एक दोरा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती केतकीचं नाव घेते, जावयाचं घेते, (मध्ये केव्हातरी माझंही घेत असावी) आणि आता त्यात लोटेचं नाव आलं. पोरीला जिना चढता येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पार्सल गेलं. ते जाताक्षणी माझ्यात एक बदल झाला. जो माणूस महिनाभर बेल्जियमच्या नावाने बोटं मोडत होता, तो आता दूध आणायला जाताना ओळखीच्या माणसाला थांबवून सांगायला लागला की आमचं थोडं एक्स्पोर्टचं चाललंय. वाण्याला सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं. आमच्या सोसायटीचे चेअरमन सावंत भेटले, त्यांना तर जरा खुलवूनच सांगितलं. एक परदेशी मुलगी, चालायला त्रास, कमरेखाली केस, आणि तिच्या आईला हवी आहे आपली नऊवारी.

सावंत हे कुठल्याही गोष्टीचा बोर्ड करणारे गृहस्थ आहेत. पाडव्याच्या यात्रेत आमच्या सोसायटीचा गट दरवर्षी एक फलक घेऊन चालतो. गेल्या वर्षी 'पाणी वाचवा' होतं. यंदा काय घ्यावं हे ठरत नव्हतं. सावंत म्हणाले, यंदा ही मुलगी घेऊ. मोठा फोटो, खाली 'बेल्जियमची लेक, डोंबिवलीची नऊवारी'. आपण फक्त फोटो मागवून घ्या.

मी लीनबाईंना लिहिलं की साडी पोचल्यावर लोटेचा एक फोटो आवर्जून टाका, आम्ही तो पाडव्याच्या मिरवणुकीत मिरवणार आहोत. त्यांचं उत्तर आलं, त्यांना फार गहिवरून आलेलं. भारतात लोक एवढे प्रेमळ असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात पाडव्याची मीटिंग होती. केतकी ठाण्याहून आणि शुभा ठाकुर्लीहून आलेली. निघता निघता मोबाइलवर आलं, 'तुमच्या ग्राहकाने फोटो टाकला आहे.' मी तो उघडला नाही. म्हटलं, नलिनीने आणि सगळ्यांनी एकदमच पाहू दे. आयुष्यभर लोकांच्या साड्यांना फॉल लावला तिने, आज चार लोकांसमोर तिचं काम मोठं दिसू दे. (हेतू चांगला होता. माझे सगळेच हेतू चांगले असतात.) ऑफिसात कॅमेऱ्यांसाठी भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही आहे. केतकीने माझा मोबाइल त्याला जोडून दिला. मी उभा राहून दोन शब्द बोललो. आईची माया, भाषेची भिंत, वगैरे. दोन-तीन बायकांचे डोळे ओले झालेले मी पाहिले. मग फोटो उघडला.

ऑफिसातलं इंटरनेट संथ आहे, त्यामुळे फोटो वरून खाली उतरत आला. आधी हिरवळ दिसली. मग बागेतली एक खुर्ची. मग दोन लांब तपकिरी कान.

मग नथ.

लोटे उन्हात उभी होती. चारी पायांवर. पाठ खरोखरच लांब होती, त्याबाबत बाईंनी काही खोटं लिहिलं नव्हतं. हिरवा खण पाठीवर सुरकुती न पडता बसलेला, गळ्यात काळे मणी, आणि कासोट्याच्या लाल गोटातून बाहेर आलेली शेपटी एवढी हलत होती की फोटोत ती धूसर आली होती.

केतकीने माझ्या हातातून मोबाइल काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण मी तो घट्ट धरून उभा होतो. सगळ्यात आधी बोलले ते सावंत. ते टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "बसलीय मात्र छान."

शुभा म्हणाली, "कासोटा बघा ना. कुठे ओढ नाही." तिचा आवाज भरून आलेला, आणि तो कशाने ते तिचं तिला ठाऊक.

मी नलिनीकडे पाहिलं. तिची खुर्ची रिकामी होती.

मी धावत तिच्या मागे गेलो. ती जिन्याने वर चाललेली, सावकाश, कठड्याला धरून. मी मागून बोलत राहिलो. चूक भाषांतराची आहे, चूक बाजाराची आहे, आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं, मी उद्याच सोनलला लिहितो. घरात आल्यावर ती सरळ देवापुढे जाऊन बसली. मला वाटलं, आता रडेल. तिने महिनाभर त्या पोरीचा घोर घेतलेला, आणि मी चार लोकांत त्याचा तमाशा केला होता. मी दारातच उभा राहिलो. आत जायची हिंमत होईना.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हणजे तिला काही आजार नाही."

मी म्हटलं, नाही. ती कुत्र्याची जातच तशी असते. पाठ लांब, पाय बुटके.

"वाकडं पोर नाही कुठलं."

"नाही."

"सुटलो बाई," ती म्हणाली, आणि खरंच एक मोठा श्वास सोडून तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं ठेवलं, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण लीनबाईंनी फोटोखाली आमची एवढी तोंडभरून स्तुती केली होती, आणि तो फोटो तिकडे इतक्या लोकांनी पाहिला, की बाजाराला वाटलं आपल्याला सगळं समजलं. त्यांनी आमच्या सगळ्या नऊवाऱ्या उचलल्या आणि 'पाळीव प्राणी' या विभागात नेऊन ठेवल्या. अर्थात न विचारता. आणि हे बेल्जियमपुरतं नव्हतं.

पाडवा तोंडावर. कल्याणच्या एका आजींचा फोन आला. त्यांनी नातीसाठी आमची साडी शोधली, तर ती पट्टे आणि बिस्किटांच्या मध्ये निघाली. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की ही साडी माणसांच्या मुलींना चालते का. मी चालते म्हणालो, तरी त्यांनी घेतली नाही. आमच्या गटावर कळवलं, तर अडकित्तेवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मला वैयक्तिक निरोप पाठवला. लिहिलं होतं, 'धीर धरा.'

मी सोनलला सविस्तर पत्र लिहायला बसलो. आदरपूर्वक, मुद्देसूद, इंग्रजीत. नलिनीने ते मागे उभं राहून वाचलं, मला उठवलं आणि स्वतः बसली. तिने मराठीत लिहिलं, 'आमच्या मुलींना कुत्र्यांत घातलंत. आत्ता बाहेर काढा.' वर आमच्याकडून साड्या घेतलेल्या सगळ्या मुलींची छायाचित्रं जोडली. संध्याकाळच्या आत इथल्या नऊवाऱ्या जागेवर आल्या. मी महिनाभर जे लिहीत होतो त्यात नेमकं काय कमी होतं, हे मी तिला विचारलं नाही.

पाडव्याला फलक झाला नाही. सावंतांनी पुन्हा 'पाणी वाचवा' काढलं. पण आमच्या गेटवर या दोघींनी टेबल मांडून उरलेला माल विकला, आणि गर्दी अशी झाली की यात्रा निघायच्या आत टेबल रिकामं झालं. आलेल्यांपैकी निम्म्या बायका 'तो फोटो दाखवा ना' म्हणत होत्या. तो दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

बेल्जियममधून आम्ही काही सुटलो नाही. मी शेवटचा अर्ज केला, त्यावर 'तुमची अडचण सोडवण्यात आली आहे' असं आलं आणि तो बंद झाला. अडचण जिथल्या तिथेच आहे. फक्त आता नलिनीच म्हणते की राहू दे. तिकडून ऑर्डरी यायला लागल्यात, लोटेच्या जातीच्या तर येतातच, पण आता मोठ्या कुत्र्यांच्याही येतात, आणि लीनबाई स्वतः तिकडे सगळ्यांना मापं कशी घ्यायची ते समजावतात.

अडचण एवढीच की मोठ्या मापाची साडी शिवून बघायला घरात मोठं कुत्रं लागतं. आमच्या सोसायटीत सावंतांनी कुत्री पाळायला बंदी केलीय. शुभाने ठाकुर्लीला गल्लीतल्या एकावर प्रयत्न केला, तो तिचा टेप घेऊन पळाला. त्यामुळे हल्ली दुपारची जेवणं आटोपली की मी हॉलमध्ये सतरंजीवर गुडघे आणि तळवे टेकून ओणवा राहतो, नलिनी पाठीवर कापड टाकते आणि शुभा टाचण्या लावते. लॅब्रेडोरचं माप मला जवळजवळ तंतोतंत येतं. फक्त कापताना पोटाकडे चार बोटं कमी धरावी लागतात. शुभाने मला ते शक्य तेवढ्या हळुवारपणे सांगितलं, "दादा, राग मानू नकोस, पण कुत्रं एवढं सुटलेलं नसतं."